रानात पळालेल्या दहा जणांचं काय करायचं?

पत्र:

मॅडम, सादर नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातले वीरगुण आणि अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या जुन्या समाजाचे आदर्श या विषयावर मला वीस मिनिटांचा सेमिनार द्यायचा आहे. गाईडमध्ये सात मुद्दे आहेत: शौर्य, स्वामिनिष्ठा, दातृत्व, सूड, कीर्ती वगैरे. ते पाठ झाले. मग मी आधुनिक इंग्रजीतला अनुवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सगळंच बिघडलं. म्हातारा राजा बेओवुल्फ हट्टानं एकटा ड्रॅगनवर जातो, मरतो, आणि मागे प्रजा उघडी पडते. हा आदर्श कसा? त्याचे दहा सोबती रानात पळतात, तर मला त्यांचीच दया आली. मी असते तर मीही पळाले असते. बायका नुसते पेले फिरवताना दिसतात. सरांना विचारलं तर म्हणाले, “स्वतःची मतं घालू नकोस, मार्क जातील.” मैत्रीण म्हणते, शेवटी बाजीप्रभूंची तुलना टाक, टाळ्या पडतील. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी

उत्तर:

प्रिय मुली,

तुझा पहिला प्रश्न तुझ्या आधी त्या कवितेतल्याच एका माणसाला पडलेला आहे. पुस्तकाची शेवटची काही पानं उघड. ओळींचे आकडे छापले असतील तर ३०७७वी ओळ शोध. राजाचं प्रेत पडलंय, ड्रॅगन मरून पडलाय, आणि न पळालेला एकटा तरुण विग्लाफ जमलेल्या लोकांना सांगतो आहे: एका माणसाच्या इच्छेपायी पुष्कळांना दुःख भोगावं लागतं, तसं आज आपलं झालं. त्या सोन्याच्या राखणदाराच्या वाटेला जाऊ नका, पडला आहे तिथं पडू द्या, हे आपल्या लाडक्या राजाच्या गळी आम्हाला उतरवता आलं नाही.

हे कोण बोलतंय ते बघ. पळालेल्यांपैकी कुणी बोललं असतं तर ती सबब झाली असती. ज्यानं त्या आगीत राजाच्या खांद्याला खांदा लावला, हात भाजून घेतला, तो हे बोलतो. म्हणजे राजावर जीव टाकणं आणि राजाचा निर्णय चुकला असं वाटणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात एकाच वेळी आहेत. मला ही कविता मोठी वाटते ती यासाठी. तेव्हा तुझी शंका हे ‘स्वतःचं मत’ नाही, ती मूळ पाठातच लिहिलेली आहे. सरांकडे परत जाताना ही ओळ बोट ठेवून दाखव. “सर, मला असं वाटतं” असं म्हणण्याऐवजी “सर, विग्लाफ असं म्हणतो, हे मुद्द्यांत कुठं बसवू?” असं विचार. बहुतेक शिक्षक या प्रश्नाला थांबतात. मी शिकवत होते तेव्हा माझ्यापाशी कुणी असा प्रश्न घेऊन आलं की तो दिवस मला चांगला गेला.

आता गाईडबद्दल. त्यातले सात मुद्दे खोटे नाहीत, पण ते सुटे मांडलेत. कवितेत एकातून दुसरा निघतो. राजा आपल्या दालनात योद्ध्यांना जेवू घालतो, मधाची दारू पाजतो, घोडे, चिलखतं, सोन्याची कडी देतो. जुन्या इंग्रजीत राजासाठी एक नावच आहे, कडी वाटणारा. ते घेताना योद्धा शब्द देतो. भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत: वेळ आली की मी हे करीन, नाहीतर मरेन. या बोलण्याला ‘बेओत’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकं त्याला बोस्ट म्हणतात म्हणून आपली मुलं ‘बढाई’ लिहितात, आणि मग सगळे वीर फुशारकी मारणारे वाटायला लागतात. आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे, विडा उचलणं. विडा उचलला की मागे फिरता येत नाही, कारण ऐकणारे साक्षीदार असतात. दातृत्व, शब्द, निष्ठा, शौर्य आणि शेवटी कीर्ती ही अशी ओळीनं एकमेकांना धरून येतात. कडं हातात पडलं की ही साखळी सुरू होते.

ते सोनं कवीच्या कल्पनेतलं नव्हतं. इंग्लंडमध्ये सफोकच्या किनाऱ्याजवळ सटन हू इथं १९३९ साली एका टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं दफन. त्यात शिरस्त्राण, सोन्याचा वजनदार बक्कल, तलवार, चांदीची भांडी. ‘बेओवुल्फ’ची सुरुवातही एका राजाला खजिन्यासकट जहाजात ठेवून समुद्रावर सोडण्यानं होते. सेमिनारमध्ये एखादा फोटो दाखवता आला तर त्या शिरस्त्राणाचा दाखव. मुलांना कडी, चिलखतं हे शब्द एकदम खरे वाटायला लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाक, कारण वर्गातल्या निम्म्यांना ती माहीत नसते: इंग्रजीतल्या या सगळ्यात मोठ्या जुन्या काव्यात इंग्लंड नाही. गोष्ट डेन्मार्कमध्ये आणि आजच्या दक्षिण स्वीडनमध्ये राहणाऱ्या गीट लोकांत घडते. बेओवुल्फ गीट आहे. त्याचा मामा हिगेलाक राजा खरोखर होऊन गेला. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं फ्रँक लोकांच्या मुलखावर धाड घातली आणि तो तिथंच मारला गेला, अशी नोंद त्याच शतकातल्या फ्रँक इतिहासकाराकडे आहे. कविता मात्र त्यानंतर कित्येक पिढ्यांनी, ख्रिस्ती झालेल्या इंग्लंडमध्ये रचली गेली, आणि आपल्यापर्यंत आलेली एकुलती एक प्रत इ.स. १०००च्या आसपासची आहे. म्हणजे कवी स्वतः त्या जगातला नाही. तो आपल्या पूर्वजांकडे प्रेमानं बघतो आणि त्यांचं शेवटी काय झालं हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या कौतुकात सतत काहीतरी दुखत असतं. तुला वाचताना जे बिघडल्यासारखं वाटलं ते बहुधा हेच.

आता ते दहा जण. तुला त्यांची दया आली हे मला आवडलं, पण प्रसंग नीट वाच. राजा त्यांना स्वतः सांगतो की हे काम तुमचं नाही, माझं एकट्याचं आहे, तुम्ही टेकाडावर थांबा. म्हणजे ते पुढे गेले नाहीत हा त्यांचा दोष नाही. दोष त्यानंतरचा. राजा ज्वाळांनी वेढला गेला, त्याची तलवार चालेना, हे डोळ्यांनी दिसत असताना ते रानात शिरतात. विग्लाफ त्यांना ओरडून सांगतो: आठवतंय ना, दालनात मद्य पिताना आपण काय बोललो होतो? ज्यानं ही शिरस्त्राणं, या तलवारी दिल्या त्याची परतफेड करू म्हणालो होतो. इतकं बोलून तो धुरात शिरतो. आणि कवी एक गोष्ट हळूच सांगून जातो, आपल्या स्वामीबरोबर लढण्याची त्या पोराची ही पहिलीच वेळ होती. अनुभवी दहा जण पळाले आणि नवखा उभा राहिला.

राजा मेल्यावर ते दहा जण खाली मान घालून येतात. विग्लाफ म्हणतो, आता तुम्हाला दान नाही, तलवार नाही, आणि तुमच्या कुळातल्या प्रत्येकाचा जमिनीचा हक्क गेला. मग ती प्रसिद्ध ओळ: अपमानाच्या जिण्यापेक्षा वीराला मरण बरं. गाईडमध्ये ही ओळ ‘शौर्य’ या मुद्द्याखाली दिलेली असेल. ती मुळात शिक्षेच्या भाषणातली आहे. एक पळाला तर त्याची बायकोपोरं, भाऊबंद सगळे बेघर. कवी त्या दहांपैकी एकाचंही नाव घेत नाही. जिथं नाव मागे राहण्यासाठी माणसं जगतात तिथं याहून मोठी शिक्षा नसावी. तेव्हा दया वाटली तर वाटू दे, पण त्या समाजानं दया का दाखवली नाही हे तुला सांगता आलं पाहिजे.

ते सांगण्यासाठी दुसरी एक कविता मदतीला घे, ‘मॉल्डनची लढाई’. ही खरी लढाई आहे. ऑगस्ट ९९१, एसेक्सचा किनारा, व्हायकिंगांची फौज आणि समोर बर्थनॉथ नावाचा सरदार. कवितेच्या आज ३२५ ओळी उरल्यात, सुरुवात आणि शेवट नाहीत. १७३१ साली लंडनमध्ये हस्तलिखितांच्या संग्रहाला आग लागली, त्यात तिचं मूळ हस्तलिखित जळालं. सुदैवानं आधी एक नक्कल करून ठेवलेली होती. त्याच आगीत ‘बेओवुल्फ’च्या पानांच्या कडा करपल्या. तेव्हा तीही गेली असती तर आज तू आणि मी हे बोलत नसतो.

मॉल्डनला बर्थनॉथ पडतो आणि गोड्रिक नावाचा माणूस पळतो. कवी त्याचं नाव घेतो, त्याच्या दोन भावांचंही घेतो, आणि सांगतो की ज्या स्वामीनं याला कितीदा घोडे दिले, त्याच स्वामीच्या घोड्यावर बसून हा पळाला. आता परिणाम बघ. सैनिक ढालीला ढाल भिडवून भिंत करून उभे होते. त्यांनी ओळखीचा घोडा पाठमोरा जाताना पाहिला, त्यांना वाटलं सरदारच निघाला, आणि भिंत फुटली. अँग्लो-सॅक्सन माणूस पळपुट्यावर इतका का चिडतो याचं कारण इथं उघड दिसतं. ढालींच्या भिंतीत एक जागा रिकामी झाली की शेजाऱ्याची कूस उघडी पडते. निष्ठा हा त्यांच्याकडे नुसता मनाचा सद्गुण नव्हता, तिच्यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून होता. हे एक उदाहरण वर्गात दिलंस तर पुस्तकातली अर्धं पानभर व्याख्या लागणार नाही.

आणि मॉल्डनमध्येही नेत्याची चूक लिहिलेली आहे! भरती ओसरल्यावर उघडी पडणारी अरुंद वाट आपल्या लोकांनी रोखून धरलेली असताना बर्थनॉथ शत्रूला अलीकडे येऊ देतो. कवी त्याला शब्द वापरतो ‘ओफरमोड’, प्रमाणाबाहेरचं मन. अभिमान म्हण, गर्व म्हण, अभ्यासकांचं त्यावर भांडण आहे. त्याचं मोल इतरांनी मरून चुकवलं. तरीही ती माणसं मागे हटत नाहीत. त्यांत डुन्नेरे नावाचा एक साधा शेतकरी आहे, भाला हलवून दोन वाक्यं बोलतो आणि लढतो. म्हणजे हा आदर्श सरदारांपुरता राहिला नव्हता, निदान कवीला तो राहू द्यायचा नव्हता. म्हातारा बर्थवोल्ड म्हणतो: आपलं बळ जसं कमी होईल तसा निश्चय कठोर, काळीज धीट आणि मन मोठं झालं पाहिजे. मला आजही ही ओळ मोठ्यानं वाचताना थांबावं लागतं. त्याच वर्षी राज्यानं व्हायकिंगांना दहा हजार पौंड चांदी देऊन परत पाठवलं, हे लक्षात ठेवून ती वाच.

म्हणूनच बाजीप्रभूंची तुलना टाळ्यांसाठी टाकू नकोस. टाकायचीच तर फरकासाठी टाक. १६६०च्या त्या लढाईत राजा जिवंत आहे, विशाळगडाकडे निघाला आहे, आणि तो पोचेपर्यंत खिंड अडवायची आहे. मरणाला कारण आहे, आणि ते कारण पूर्ण होतं. मॉल्डनच्या माणसांचा स्वामी आधीच मेलेला आहे. वाचवण्यासारखं कुणी उरलेलं नाही. ती फक्त दिलेल्या शब्दासाठी उभी आहेत. ‘दोघेही शूर’ एवढंच म्हटलंस तर दोघांनाही सारखंच पुसट केल्यासारखं होईल.

म्हाताऱ्या राजाकडे परत येऊ. कवितेत म्हातारे राजे दोन आहेत आणि कवीनं ते मुद्दाम जोडून ठेवलेत. डेन राजा ह्रॉथगार पन्नास वर्षं सुखानं राज्य करतो आणि मग ग्रेंडेल नावाचा राक्षस येतो. बेओवुल्फ पन्नास वर्षं राज्य करतो आणि मग ड्रॅगन येतो. ह्रॉथगार स्वतः लढायला जात नाही. बारा वर्षं रात्री आपलं दालन सोडून देतो, झुरतो, आणि शेवटी परक्या तरुणाची मदत घेतो. कवी त्याला कमी लेखतो का? नाही. स्पष्ट म्हणतो, तो चांगला राजा होता. हाच ह्रॉथगार विजयी बेओवुल्फला बसवून लांबलचक उपदेश करतो: आज तुझ्यात बळ आहे, पण आजार, तलवार, आग, पूर, म्हातारपण यांतलं काहीतरी ते नेणारच आहे, गर्वाला थारा देऊ नकोस. बेओवुल्फ ते ऐकतो. म्हातारपणी त्याला ते आठवलं का, हे कवी सांगत नाही.

पण बेओवुल्फवरही अन्याय करू नकोस. ड्रॅगननं गावं जाळली होती, त्याचं स्वतःचं दालन जाळलं होतं, जिथं बसून तो दान द्यायचा ते आसन जाळलं होतं. तो काही सहज उठून कीर्ती शोधायला गेला नाही. लाकडी ढाल टिकणार नाही हे ओळखून त्यानं लोखंडी ढाल करून घेतली. आणि हाच माणूस, मामा मेल्यावर राणीनं स्वतः गादी देऊ केली तेव्हा ‘गादी तुझ्या मुलाची आहे’ म्हणून नको म्हणाला होता. मरताना तो समाधान कशाचं मानतो? किती राक्षस मारले याचं नाही. मी खोट्या शपथा घेतल्या नाहीत, कट रचले नाहीत, नातलगांचं रक्त सांडलं नाही. त्या कवितेतल्या राजघराण्यांची दशा बघता हे फार मोठं आहे. तरुणपणी ज्यानं उघड्या हातांनी ग्रेंडेलचा बाहू उपटला त्याचे हे शेवटचे हिशेब, आणि गाईडच्या सात मुद्द्यांत यांतला एकही नाही. आठवा मुद्दा तू घाल.

बायका नुसते पेले फिरवतात म्हणतेस. पेला कुणाला आधी आणि कुणाला नंतर द्यायचा यात दरबारातला मान ठरतो, तेव्हा ते काम साधं नाही. ह्रॉथगारची राणी वेल्हथेओ, तिचं बोलणं ऐक. नवऱ्यानं आनंदाच्या भरात बेओवुल्फला मुलगा मानलं, तर ती पेला देतानाच नवऱ्याला सुनावते की दानं खुशाल दे, पण राज्य आपल्या रक्तात ठेव. मग बेओवुल्फला सोन्याचा गळ्यातला अलंकार देते आणि माझ्या मुलांशी मायेनं वाग म्हणते. ती तो देत असतानाच कवी मध्ये थांबून सांगतो की हाच अलंकार पुढे हिगेलाकच्या गळ्यात होता, तो मारला गेला तेव्हा. भेट नवी आहे, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि आपल्याला प्रेत दिसतं.

त्याच मेजवानीत शाहीर हिल्डेबुर्हची गोष्ट गातो. दोन घराण्यांतलं वैर मिटावं म्हणून परक्यांत दिलेली राजकन्या. वैर पुन्हा पेटतं, आणि भाऊ एका बाजूनं, मुलगा दुसऱ्या बाजूनं लढून मरतो. ती दोघांना एकाच चितेवर ठेवायला सांगते. पुढे नवराही मारला जातो. अशा स्त्रीला त्या भाषेत ‘शांती विणणारी’ म्हणत. ह्रॉथगारची स्वतःची मुलगीही अशीच दिली जाणार असते, आणि बेओवुल्फ घरी आल्यावर मामाला सांगतो: राजा मेल्यावर भाला थोडाच वेळ शांत राहतो, नवरी कितीही गुणाची असो. एवढा पराक्रमी माणूस, पण त्याला हे कळत होतं. सूड हा आदर्श कुणाच्या घरातून वसूल होतो, ते या दोन बायकांच्या गोष्टीत आहे. ग्रेंडेलची आईसुद्धा याच यादीत येते. ती आपल्या मुलाचा सूड घ्यायला येते, राजाचा लाडका सल्लागार मारते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेओवुल्फ राजाला म्हणतो, रडत बसण्यापेक्षा आपल्या माणसाचा सूड घेणं बरं. रात्री तिनं तेच केलं होतं. या दोन प्रसंगांमध्ये मोजकी पानं आहेत, सलग वाच.

वीस मिनिटांत हे सगळं मावणार नाही. मी असते तर कड्यापासून सुरू केलं असतं, मग विडा उचलणं, मग पळालेले दहा जण आणि गोड्रिकचा घोडा, मग राणीचा अलंकार. गाईडचे मुद्दे वाटेत आपोआप येतील, ज्याला टिपून घ्यायचे तो घेईल, सरांचंही समाधान होईल. ३०७७वी ओळ शेवटाजवळ ठेव.

आणि अगदी शेवटी कवितेचा शेवट वाचून दाखव. चिता पेटली आहे, एक गीट स्त्री येणाऱ्या वाईट दिवसांच्या भीतीनं रडते आहे, खजिना परत मातीत पुरला आहे, आधीइतकाच निरुपयोगी. बारा घोडेस्वार टेकाडाभोवती फिरत राजाबद्दल चार गोष्टी म्हणतात: जगातल्या राजांत सर्वांत दयाळू, सर्वांत सौम्य, आपल्या लोकांशी सर्वांत मायेनं वागणारा, आणि कीर्तीसाठी सर्वांत आसुसलेला. पहिल्या तीन गोष्टींवर कुणाचं दुमत नाही. चौथी स्तुती आहे की हलकीशी तक्रार, यावर अभ्यासक अजून भांडतात. ३१८२ ओळींतला तो शेवटचा शब्द आहे, ‘लोफ्येओर्नोस्त’. लिपीत त्यात ‘ग’चं अक्षर दिसेल, पण उच्चार ‘य’ कर. तो फळ्यावर लिही आणि वर्गाला विचार, तुम्हाला काय वाटतं.